वाचवलेले नऊशे ग्रॅम

हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने चढायचं ठरलं की आदल्या रात्री सॅक तीनदा भरली जाते आणि तीनदा रिकामी होते. दुसरा टॉवेल बाहेर, जाडजूड टॉर्च बाहेर, पोह्यांची पिशवी अर्धी. मी अकोले तालुक्यातला. कॉलेजात असताना त्या निसटत्या धोंड्यांवरून चढताना पाठीवरचा एकेक जिन्नस कसा जाणवतो ते शिकलो. आता बरीच वर्षं न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर राहतो. इथे हिवाळ्यात डोंगरात ताहरच्या शिकारीला जायला लागलो, तेव्हा तोच हिशोब पुन्हा समोर आला. फरक एवढाच की या वेळी सामानात एक रायफल होती, आणि रायफल हा पोह्यांच्या पिशवीसारखा अर्धा करता येण्याजोगा जिन्नस नाही.

शिकारीबद्दल मराठी वाचकाच्या मनात काय येईल याची मला जाणीव आहे, म्हणून आधी तेवढं सांगतो. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि ते योग्यच झालं. न्यूझीलंडची गोष्ट उलटी आहे. वटवाघळं सोडली तर या देशात जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. हिमालयातला ताहर, म्हणजे आपल्या निलगिरी ताहरचा लांबचा भाऊबंद, १९०४ साली आओराकी म्हणजे माउंट कुकच्या पायथ्याशी आणून सोडला गेला. त्याला खाणारा कोणीच नसल्यामुळे तो वाढत गेला आणि उंचावरचं गवत, फुलझाडं ओरबाडू लागला. १९९३ साली सरकारने आराखडा करून त्यांची संख्या दहा हजारांवर जाऊ द्यायची नाही असं ठरवलं. परवाना घेऊन केलेली शिकार हा त्या व्यवस्थेचा भाग आहे. मारलेला प्राणी आम्ही खातो.

ताहर राहतो कड्याकपारीत, बर्फाच्या रेषेजवळ. त्याच्यापर्यंत पोचायला हजार-बाराशे मीटर चढावं लागतं, कधी हातापायांवर, कधी बुटांना लोखंडी काटे बांधून. अशा ठिकाणी न्यायची रायफल हलकी असावी असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं, आणि मी खूप हलकी रायफल घेतली.

त्याच हिवाळ्यात चार तास चढून एका सोंडेवर पोचलो तेव्हा घळीपलीकडे, सव्वादोनशे-अडीचशे मीटरवर, आयाळवाला नर उभा होता. मी बसलो, कोपर गुडघ्यावर टेकवलं, दुर्बिणीत पाहिलं. दुर्बिणीतली नेमाची फुली त्याच्या मानेवरून पोटावर, पोटावरून पुढच्या पायावर उड्या मारत होती. छातीत ठोके पडत होते ते मला फुलीत दिसत होते. थांबायला हवं होतं. मी चाप ओढला. गोळी खाली, पुढच्या पायाला लागली. अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत शोधलं. रक्ताचे थेंब एका कड्याच्या कडेपर्यंत गेले होते, त्याच्या खाली उतरायला वाट नव्हती. तो मिळाला नाही. हलक्या रायफलीचा हिशोब मी नीट मांडायला घेतला तो त्या दिवसापासून.

हलकी म्हणजे किती?

आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री साधारण ४ किलोची. शिकारीची नेहमीची रायफल दुर्बिणीसकट साडेतीन ते पावणेचार किलोच्या आसपास भरते. हलकेपणाचा ध्यास जुना आहे. विंचेस्टर कंपनीने १९५२ साली आपल्या मॉडेल ७० रायफलीची ‘फेदरवेट’ आवृत्ती काढली, नावातच पीस. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या मेल्विन फोर्ब्ज यांनी १९८०च्या दशकात ‘अल्ट्रा लाइट आर्म्स’ नावाने रायफली बनवायला सुरुवात केली आणि मोठ्या यंत्रणेला (काडतूस आत घेऊन बार उडवणारा भाग) भोकं पाडून ती हलकी करण्याऐवजी यंत्रणाच मुळात लहान काडतुसाच्या मापाची आखली. आज किंबरची माउंटन असेंट ही रायफल दुर्बिणीशिवाय २.२ किलोच्या आसपास आहे. न्यूझीलंडमध्ये दर दुसऱ्या शिकाऱ्याकडे दिसते ती फिनलंडची टिक्का टी३एक्स लाइट, २.८ ते २.९ किलो.

माहितीपत्रकावर छापलेलं वजन हे नुसत्या रायफलीचं असतं हे इथेच लक्षात ठेवा. २.३ किलोच्या रायफलीवर ३५० ग्रॅमची दुर्बीण चढवा, ती बसवायच्या कड्या ८० ग्रॅम, खांद्याचा पट्टा १२०, आत चार काडतुसं १००, नळीच्या तोंडाशी आवाज दाबणारा सप्रेसर ३०० ग्रॅम. झाले सव्वातीन किलो. डोंगरात तुम्ही हे सव्वातीन किलो वाहता आणि नेम धरतानाही हेच हातात असतं. पुढे मी जे आकडे देतो ते सगळे अशा भरलेल्या, सजवलेल्या रायफलीच्या वजनाचे आहेत: एक ३.६ किलोची, एक २.७ किलोची. मधला फरक नऊशे ग्रॅम.

चढताना नऊशे ग्रॅम म्हणजे काय? माझं वजन ७४ किलो, सॅक १७, त्यात ३.६ किलोची रायफल. बेरीज ९४.६ किलो. त्यातले ०.९ गेले तर शंभरातला जेमतेम एक भाग कमी झाला. नुसता श्रमाचा हिशोब केला तर हा फरक सकाळी पाणी किती प्यायलात यातही बुडून जातो. पायातल्या जड बुटांचं वजन तर पाठीवरच्या वजनाच्या साधारण पाचपट महाग पडतं असं गिर्यारोहक मानतात. म्हणजे नऊशे ग्रॅम रायफलीतून काढण्यापेक्षा बूट दोनशे ग्रॅमने हलके केले तर पायांना तितकाच आराम.

पण हा हिशोब अपुरा आहे, आणि ज्यांनी चढताना रायफल हातात धरली आहे त्यांना तो पटणारही नाही. सॅकचं वजन कमरेच्या पट्ट्यावर बसतं. रायफल एका हातात असते, नाहीतर एका खांद्याला लटकते. मुरमाड उतारावर तोल जातो तेव्हा ती बाजूला झुलते, खडक धरायला हात मोकळा हवा असतो तेव्हा ती मध्ये येते. आठव्या तासाला हातातली ३.६ किलोची वस्तू आणि २.७ किलोची वस्तू यांत खरोखर फरक पडतो. हात थकला की रायफल सॅकला बांधली जाते, आणि जनावर दिसतं ते नेमकं तेव्हा. म्हणून हलक्या रायफलीची गरज खोटी आहे असं मी म्हणणार नाही. गरज खरी आहे. तिची किंमत किती आणि ती कुठे वसूल होते, हे समजून घ्यायला हवं.

लाथ

गावच्या घाटावर होडीतून काठावर उडी मारली आहे का? तुम्ही पुढे जाता, होडी मागे सरकते. होडी मोठी असेल तर जराशी, लहान असेल तर चांगलीच. बंदुकीचा धक्का हाच आहे. गोळी आणि तिच्यामागून निघणारा वायू पुढे जातो, तेवढाच जोर रायफलीला मागे ढकलतो. जोर ठरवते काडतूस. रायफल किती वेगाने मागे येणार ते ठरवतं तिचं वजन.

उदाहरण म्हणून .३०८ विंचेस्टर हे काडतूस घेऊ, जगभर शिकारीला वापरलं जाणारं. ९.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ८६० मीटर वेगाने सुटते. वायूचा वाटा धरून गणित केलं तर ३.६ किलोची रायफल सेकंदाला सुमारे ३.५ मीटर वेगाने खांद्यावर येते, २.७ किलोची सुमारे ४.६ मीटरने. ऊर्जा मोजली तर पहिलीची २२ जूल, दुसरीची २९. वजन पाव हिश्श्याने घटलं की धक्क्याची ऊर्जा एक-तृतीयांशाने वाढते. शिवाय ती जास्त झटक्यात येते, आणि खांद्याला बोचतो तो हा झटका. २२ जूलचा धक्का म्हणजे ढकलल्यासारखा वाटतो, २९ म्हणजे मारल्यासारखा.

आता काडतूस बदलून पाहा. त्याच २.७ किलोच्या रायफलीत .३०० विंचेस्टर मॅग्नम घातलं तर आकडा ५५ जूलच्या आसपास जातो. ६.५ क्रीडमोर घातलं तर २४. आणि .२४३ विंचेस्टरला जेमतेम १८. म्हणजे हलक्या रायफलीत ६.५ क्रीडमोर जवळजवळ तेवढाच धक्का देतं जेवढा जड रायफलीत .३०८ देतं. हलकी रायफल घ्यायचीच असेल तर काडतूसही एक पायरी खाली आणा, हे मी प्रत्येकाला सांगतो. हलक्या रायफलीत मोठं मॅग्नम काडतूस भरून विकतात, आणि लोक हौसेने घेतात, ते पाहून मला मनापासून वाईट वाटतं. त्या जोडीने नीट सराव करणारा माणूस मी क्वचित पाहिला आहे, कारण पाच-सहा बार झाले की खांदा नको म्हणतो.

आणि हलक्या रायफलीला सरावाची गरज जड रायफलीपेक्षा जास्त असते. इथे गाठ बसते.

धक्क्याचं खरं नुकसान खांद्याला होत नाही, डोक्यात होतं. शरीर शिकून घेतं की चाप ओढला की दणका बसतो, आणि दणक्याच्या आधीच डोळे मिटतं, खांदा पुढे लोटतं. हे बिचकणं माणसाला स्वतःला कळत नाही, कारण त्याच क्षणी बार होतो आणि सगळं झाकून जातं. माझा शेजारी, आयुष्य मेंढ्यांच्या फार्मवर गेलेला साठीचा माणूस, त्या पहिल्या हिवाळ्यानंतर मला सरावाच्या मैदानावर घेऊन गेला. रायफल दर वेळी तो भरून द्यायचा, मी पाहायचं नाही. तीन बार नीट झाले. चौथ्या वेळी मी चाप ओढला आणि नुसतं ‘टक्’ झालं. आत रिकामं काडतूस होतं. आणि नळीचं टोक, माझ्या डोळ्यांदेखत, वीतभर खाली गेलं. बार नाही, धक्का नाही, तरी माझ्या हातांनी ती रायफल खाली दाबली होती. तो काहीच बोलला नाही. रायफल परत घेतली, पाठ वळवली, पुन्हा भरून दिली. त्या दुपारी असं आठ-दहा वेळा झालं. ताहरच्या पायाला लागलेली गोळी कुठून खाली गेली ते मला तेव्हा कळलं.

दुर्बिणीचंही एक इथेच सांगून टाकतो. डोळा दुर्बिणीपासून साधारण ९ सेंटिमीटर लांब असावा लागतो. हलकी रायफल जोरात मागे आली आणि चढावर आडवंतिडवं बसून नेम धरला असेल तर दुर्बिणीची कड भुवईवर आदळते. चंद्रकोरीच्या आकाराची खोक पडते, रक्त डोळ्यात येतं. हा व्रण घेऊन फिरणारे शिकारी इथे बरेच आहेत.

डगमग

डोंबारीण दोरीवरून चालते तेव्हा तिच्या हातात लांब बांबू असतो. बांबू जड आणि लांब, म्हणून तो पटकन फिरत नाही. तिचा तोल जायला लागला तरी सावरायला तिला वेळ मिळतो. रायफलीचं वजन, विशेषतः नळीकडचं वजन, हेच काम करतं. हाताचा थरथराट, छातीचे ठोके, श्वास, हे सगळं रायफलीला ढकलत असतं. जड रायफल त्या ढकलण्याला सावकाश उत्तर देते, फुली लाटेसारखी हलते. हलक्या रायफलीत फुली डासासारखी उडते.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हा ती रायफल आपण सगळ्यांनी पाहिली. त्या प्रकारात पुरुषांच्या रायफलीला ८ किलोपर्यंत मुभा आहे. बावीस बोअरच्या चिमुकल्या गोळीला एवढं वजन धक्क्यासाठी मुळीच लागत नाही. ते लागतं स्थिर राहायला. जगातले सर्वांत स्थिर हात वजन मागून घेतात, आणि आपण धापा टाकत डोंगर चढून वर अडीच किलोची रायफल खांद्याला लावतो.

चापाचाही इथे संबंध येतो. चाप ओढायला दीड किलोचा जोर लागत असेल आणि रायफल जड असेल तर बोटाचा तो जोर रायफलीला फारसा हलवत नाही. रायफल अडीच किलोची असेल तर बोट वाकडं पडलं की ती सरळ कलते. हलक्या रायफलीला हलका, स्वच्छ सुटणारा चाप हवा. हा खर्च मी सगळ्यात आधी करीन.

आणि एक बारीक गोष्ट, जी कळल्यावर माझी पकड कायमची बदलली. गोळी नळीत असते एक-दीड मिलिसेकंद. पण गोळी पुढे निघाली त्या क्षणापासून रायफल मागे निघालेली असते. गणित केलं तर २.७ किलोची .३०८ रायफल, गोळी तोंडातून बाहेर पडायच्या आतच, साधारण २ मिलिमीटर मागे सरकलेली असते. म्हणजे रायफल कशी धरली आहे, खांद्यावर किती घट्ट आहे, खाली मऊ सॅक आहे की कठीण दगड, याचा परिणाम गोळी नळीत असतानाच सुरू होतो. जड रायफल ढिली धरली तरी ती चूक पोटात घालते. हलकी घालत नाही. तिला दर वेळी एकसारखं धरावं लागतं: पुढचा हात दस्त्यावर (नळी आणि यंत्रणा ज्यात बसवतात तो लाकडाचा किंवा प्लास्टिकचा भाग) पक्का, मागचा भाग खांद्यात ओढून, गाल दर वेळी त्याच जागी. नळी कशावरही टेकवायची नाही, दस्ता टेकवायचा.

नळी बदनाम का झाली

हलक्या रायफलीबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे बारीक नळी नेम धरत नाही. यात थोडं खरं आहे. नळीचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलतो. तोंडाशी १६ मिलिमीटर जाड नळीऐवजी १४ मिलिमीटरची घेतली तर, आतलं भोक वजा जाता, वजन त्या जागी ३० टक्क्यांनी घटतं आणि ताठपणा ४४ टक्क्यांनी. बारीक नळी लवकर तापते, चार-पाच बार झाले की गोळ्या विखरू लागतात. फोर्ब्ज यांनी यावर उपाय म्हणून नळी पूर्ण लांबीभर दस्त्यात बसवली. बाकीच्यांनी ती दस्त्याला न शिवता मोकळी तरंगती ठेवली. दोन्ही पद्धतींच्या उत्तम रायफली आहेत.

पण शिकारीत बार किती होतात? एक, क्वचित दोन, आणि तेही थंड नळीतून. चांगल्या बनावटीची बारीक नळी पहिले तीन बार अगदी जवळजवळ टाकते. आणि समजा नाही टाकले, तरी हिशोब पाहा. जड रायफल १०० मीटरवर ३ सेंटिमीटरच्या घेरात मारते आणि हलकी साडेचार सेंटिमीटरच्या, असं धरू. दमलेल्या माणसाची डगमग त्याच अंतरावर १२ सेंटिमीटरची आहे. या दोन चुका सरळ बेरजेत मिळत नाहीत, त्यांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढावं लागतं. ३ आणि १२ चे होतात १२.४. साडेचार आणि १२ चे होतात १२.८. अडीचशे मीटरवर हा फरक एका सेंटिमीटरचा. डगमग मात्र १२ वरून ६ वर आणली तर सगळा घेर जवळजवळ निम्मा होतो, आणि ताहरच्या छातीतली वीतभर जागा आवाक्यात येते. लोक नळीवर पैसे घालवतात. चूक बहुतेक वेळा तिच्या मागे बसलेल्या माणसात असते.

वजन काढायचं तर कुठून

दस्त्यातून. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लाकडी दस्ता सुंदर दिसतो, पण किलोभर वजनाचा असतो आणि ओल धरतो. तो फुगला-आकसला की गोळीची जागा बदलते. कार्बन फायबरचा दस्ता ५०० ते ७०० ग्रॅममध्ये होतो आणि लाकडापेक्षा ताठ राहतो. स्वस्त पोकळ प्लास्टिकचा दस्ताही हलका असतो, पण सॅकवर टेकवून दाबला की पुढून वाकतो आणि नळीला शिवतो. दुकानात दोन बोटांनी नळी आणि दस्ता एकमेकांकडे दाबून पाहा, लगेच कळतं.

दुसरी जागा दुर्बीण. पंचवीस पट मोठं दाखवणारी दुर्बीण ८००-९०० ग्रॅमची असते. तीनशे मीटरच्या आत मारायचं असेल तर सहा-दहा पट पुरते आणि ती ३००-३५० ग्रॅममध्ये मिळते. इथे अर्धा किलो वजन सहज जातं, तेही रायफलीच्या माथ्यावरचं. बारीक रायफलीवर जड दुर्बीण बसवली की ती डोक्यावर हंडा घेतल्यासारखी एका बाजूला कलायला पाहते. नुसत्या वजनापेक्षा वजन कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. दोन्ही हातांच्या मध्ये रायफल बोटावर तोलली गेली पाहिजे, जराशी पुढे कललेली.

टायटॅनियमची यंत्रणा, काडतूस आत ढकलणाऱ्या बोल्टवरच्या खाचा, पोकळ केलेली मूठ, यांतून मिळतं थोडं आणि पैसे जातात फार. टायटॅनियम पोलादाच्या साधारण पावणेसहा दशांश वजनाचं असतं हे खरं, पण यंत्रणा मुळातच छोटी असते. नळी १० सेंटिमीटर आखूड केली तर बारीक नळीत ८५-९० ग्रॅम वाचतात, गोळीचा वेग सेकंदाला २५-३० मीटरने घटतो, आणि आवाज कानाच्या जवळ येतो.

आवाजाबद्दल दोन शब्द. धक्का कमी करायला नळीच्या तोंडाशी ब्रेक लावतात. त्यातून वायू बाजूला आणि मागे फेकला जातो, धक्का खरंच खूप कमी होतो. पण शिकारी रायफलीचा आवाज आधीच १६० डेसिबलच्या आसपास असतो, आणि १४० च्या वरचा एकच आवाजही कानाला कायमची इजा करू शकतो. ब्रेकमुळे तो आवाज मारणाऱ्याच्या आणि शेजारी बसलेल्या सोबत्याच्या कानात जातो. माझ्या ओळखीच्या एका शिकाऱ्याच्या डाव्या कानात अखंड शिट्टी वाजते, त्याच्या सोबत्याच्या ब्रेकमुळे. न्यूझीलंडमध्ये सप्रेसर कायदेशीर आहे आणि सर्रास वापरला जातो. तो आवाज वीस-तीस डेसिबलने उतरवतो, धक्काही कमी करतो, आणि त्याचे ३०० ग्रॅम नळीच्या टोकाशी येतात, म्हणजे डोंबारणीच्या बांबूसारखे, जिथे ते स्थिरतेला मदत करतात. अतिहलक्या रायफलीला आखूड नळी आणि वर सप्रेसर, ही जोडी मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. थोडं वजन परत आलं, पण उपयोगाच्या जागी आलं.

घेण्याआधी

ओळखीच्याची हलकी रायफल मिळत असेल तर विकत घेण्याआधी एक करा. परवाना आणि सरावाचं मैदान जिथे आहे तिथेच, जाणत्या माणसाबरोबर. आधी निवांत बसून तीन बार करा आणि कागद बाजूला ठेवा. मग मैदानामागचा चढ, किंवा जिना, सॅक घेऊन दोनदा पळत चढा-उतरा, रायफल तोवर सोबत्याकडे रिकामी. श्वास लागलेला असतानाच सॅक जमिनीवर टाका, तिच्यावर दस्ता टेकवा, जाकीट गुंडाळून मागच्या भागाखाली सरकवा, आणि नव्या कागदावर तीन बार. मधेच एखादं रिकामं काडतूस सोबत्याने तुम्हाला न सांगता भरावं. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. दुसऱ्या कागदावरचा घेर हीच तुमची खरी रायफल. तो घेर १०० मीटरवर ८ सेंटिमीटर असेल तर अडीचशेवर २० होणार, आणि तिथपर्यंतच मारायचं.

मी पहिली रायफल विकली. आता जी आहे ती ६.५ क्रीडमोरची, आखूड नळी, कार्बनचा दस्ता, कायम सहापटच मोठं दाखवणारी दुर्बीण, सप्रेसर. काट्यावर सगळ्यासकट ३.२ किलो. पहिलीपेक्षा अर्धा किलो जास्त आहे, आणि तो अर्धा किलो मी सॅकमधून काढला: हलका स्टोव्ह, एक जाकीट कमी, आणि दुसऱ्या खोक्यातली वीस काडतुसं घरी. वीस काडतुसांचं वजन अर्धा किलो भरतं, आणि मला ती डोंगरात कधीच लागली नव्हती. गेल्या जूनमध्ये त्याच सोंडेवर पुन्हा गेलो. नर ३०० मीटरच्या पलीकडे होता, वारा आडवा, माझा श्वास अजून बसला नव्हता. सॅकवर रायफल टेकवली, दुर्बिणीतून बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. तो चरत चरत कड्याआड गेला. काडतूस काढून खिशात घातलं आणि खाली उतरायला लागलो.